वायरीला जाळ्याची गाठ

आमच्या घरी वर्षातले चार महिने भात असायचा, चार महिने कण्यांची आंबील असायची, आणि उरलेले चार महिने माय विचारायची, "भूक लागली का सवय झाली?" आम्ही ढिवर. गावाजवळचा तलाव हीच आमची शेती, आणि त्या शेतीचा उन्हाळ्यात नुसता चिखल व्हायचा. बाबा त्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून हातानं शिंगी मासे शोधायचे. शिंगीचा काटा बोटात गेला की हात दोन दिवस कोपरापर्यंत ठणकतो. ठणकणारा हात पोटाशी धरून ते जेवायचे, आणि तेवढ्या वेळेपुरते गप्प असायचे. एरवी इतके बोलायचे की माय म्हणायची, "देवानं तुह्या बाबाले तोंड देल्लं, त्याले कवाड लावायचं राहून गेलं."

माय डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरायची. मासोळ्यांच्या बदल्यात धान मिळायचं, कधी तुरीच्या शेंगा, कधी कुणाचं जुनं लुगडं. ते लुगडं फाडून माझे परकर व्हायचे. शाळेत माझ्या बाकावर दुसरी मुलगी बसत नसे. "हिच्याजवळ तलाव वास मारते," असं म्हणायच्या. मी उत्तर दिलं नाही, पहिला नंबर काढला. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

बाबा जाळं टाकायचे तलावाच्या पलीकडच्या काठाला. आमचं घर अलीकडच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर. जाळं ओढून झालं की ते तिकडून हाक मारायचे. बायकोचं नाव कसं घ्यायचं, म्हणून नुसतं "हूऽऽय". एक हाक म्हणजे लहान टोपली आण. दोन हाका म्हणजे मोठी. माय अंगणात भांडी घासत असली तरी तिचा एक कान पाण्याकडे असायचा. हाक आली की ती राखेच्या हातानंच उठायची. आणि बराच वेळ हाक आली नाही, की मुकाट्यानं चुलीवर आंबील ठेवायची. आज काय जेवायचं ते मला लहानपणी तलावावरून ऐकू यायचं.

पुढे मी ब्रह्मपुरीला वसतिगृहात राहून शिकले. वैनगंगेच्या अलीकडे कॉलेज, पलीकडे गाव. बाबा जीपनं यायचे, पळसाच्या पानात बांधलेले भाजलेले झिंगे घेऊन फाटकाशी उभे राहायचे. आमच्या घराण्यात डिग्रीचा कागद हातात घेणारी मी पहिली. तो कागद बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी आधी गमछा हातावर पसरला आणि मग त्यावर कागद ठेवायला सांगितला. "हात ओले हायेत," म्हणाले. हात कोरडे होते. मी पाहिलं होतं.

मग मला तालुक्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. संगणकाची प्रयोगशाळा सांभाळायची आणि मुलांचे प्रॅक्टिकल घ्यायचे. घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला हाकेची वाट न बघता भात शिजू लागला. आणि त्याच वर्षी बाबांचं तोंड उघडेनासं झालं.

खर्रा. आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून देतात, माणूस दिवसभर गालात धरून बसतो. पाण्यात उभं राहणाऱ्याला त्याचा आधार वाटतो. बाबांच्या तोंडात आधी तीन बोटं जायची, मग दोन, मग एकच. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, जीभ काढावी लागेल. वाचतील, पण बोलणार नाहीत. ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची होती.

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि गावी गेले. रोज सकाळी बाबांना पाळीवर बसवायची आणि फोनवर त्यांचा आवाज भरून घ्यायची. तोंड अर्धंमुर्धं उघडायचं, शब्द दाताआडून यायचे, पण ते बोलत होते. तलावात खड्डे कुठे, जुनं तुडूम म्हणजे पाणी सोडायचं तोंड कोणत्या दगडाखाली, मरळ मासळी पिल्लांना घेऊन कशी फिरते. ते मायला बघायला गेले तेव्हा तिनं कोणती भाजी केली होती आणि ती किती खारट होती. आठ दिवसांत चौदा फायली झाल्या. शेवटची सगळ्यांत लहान. तिच्यात फक्त हाक आहे. दोन हाका, मोठ्या टोपलीच्या.

ऑपरेशननंतर ते सात महिने जगले. लिहायला येत नव्हतं, म्हणून मी दिलेल्या वहीत चित्रं काढायचे. मासा म्हणजे भूक. टोपली म्हणजे मायला बोलाव. वहीत माशांपेक्षा टोपल्या जास्त आहेत.

ते गेल्यावर मी मायला ब्रह्मपुरीला आणलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. तिनं सोबत काय आणलं, तर एक ट्रंक आणि बाबांचं फेकायचं जाळं. ते तिनं समोरच्या खोलीत खुंटीला टांगलं. घरमालकीणबाई नाक धरून म्हणाल्या, "काय वो बाई, हॉलमदी जाळं? शोभते का?" माय म्हणाली, "तुमच्या मालकाचा फोटो शोभते ना? तसंच."

जाळ्याच्या खाली फळीवर मी आणलेली पेटी आली. तिला नॅस म्हणतात. आत दोन हार्डडिस्क असतात, आणि एका वायरीनं ती घरच्या राउटरला जोडलेली असते. तिला पडदा नाही, बटणांची पाटी नाही. तिच्याशी बोलायचं तर लॅपटॉपवर ब्राउझर उघडायचा, तिचा आकड्यांचा पत्ता टाकायचा, की तिचं पान उघडतं. ते पान हीच तिच्यात शिरायची वाट. पान उघडलं तर सगळं आहे. नाही उघडलं तर समोर नुसता काळा डबा.

बाबांच्या चौदाही फायली मी त्या पेटीत ठेवल्या. मायच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून तिच्या फोनवरच्या पुसल्या. मग माझ्याही पुसल्या. "दोन डिस्क हायेत माय, एक मेली तर दुसरी. आता हे कुठी जात नाई." एकाच पेटीतल्या दोन डिस्क म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत, पेटी गेली तर दोन्ही गेल्या. हे मी दर वर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. घरी केलं नाही. का केलं नाही, तर घरात माझ्याहून जास्त जाणणारं कुणी नव्हतं, आणि मला ते आवडायचं.

सकाळी चहा झाला की माय म्हणायची, "लाव ना वो त्यायले." मी पान उघडायची आणि चौदावी फाइल लावायची. पहिली हाक येईपर्यंत माय बसलेली असायची. दुसरी हाक आली की उठायची. बसल्या बसल्या तिनं ती हाक कधी ऐकलीच नाही. उठून काही करायची नाही, अंथरुणाच्या घड्या घालायची. पण उठायची. पेटीवर तिनं एक विणलेला रुमाल टाकला होता, पुढचे दिवे तेवढे त्याखालून दिसायचे. "त्यायचं जाळं वर, त्यायचा आवाज खाली," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

असं वर्ष गेलं. पुढल्या पितृपक्षात बाबांच्या तिथीला आम्ही नैवेद्याचं पान टाकलं, मी कॉलेजात गेले, संध्याकाळी परतले. दुसऱ्या दिवशी रविवार. चहा झाला, माय काही म्हणाली नाही, तर मीच लॅपटॉप उघडला. आकडे टाकले. चाक फिरत राहिलं आणि मग पांढऱ्या पडद्यावर ओळ आली, या पत्त्यावर पोहोचता येत नाही.

मी हसले. असं होतं. लॅपटॉप बंद करून चालू केला. पेटी बंद करून चालू केली. दिवे लागले, डिस्कची घरघर सुरू झाली. पान नाही. ब्राउझर बदलला. पत्त्याच्या आधीची अक्षरं बदलून पाहिली, पत्त्याच्या पुढचा आकडा बदलून पाहिला. मग पेटीला लॅपटॉपवरून हाक मारून पाहिली. 'पिंग' म्हणतात त्याला. पेटी जागी असली तर उत्तर देते. चार वेळा विचारलं, चारही वेळा उत्तर नाही.

राउटरच्या पानावर घरातल्या जोडलेल्या वस्तूंची यादी असते. तिथे माझा फोन होता, मायचा फोन होता, लॅपटॉप होता. पेटी नव्हती.

आता हे वाचणारा कुणीही म्हणेल, वायर बघ. मीही मुलांना पहिल्याच तासाला तेच सांगते. तर मी वायर पाहिली. राउटर दाराच्या वर उंच ठोकलेला, त्याच्यात वायर बसलेली दिसत होती. पेटी भिंतीला टेकलेली, म्हणून मागे हात घालून चाचपलं. वायर होती. ओढून पाहिली. घट्ट. जरासुद्धा हलली नाही. वायरीचा प्रश्न मिटला, असं मी स्वतःला सांगितलं.

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"लागून नाई राह्यलं का?"

"लागंन. थांब."

"राहू दे आज."

"माय, तुले नाई समजत यातलं. बस चूप."

दुपारी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्याचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, केबल चेक किया?"

"किया."

"निकाल के वापस लगाया?"

"भैया, मैं कॉलेज में कॉम्प्युटर पढ़ाती हूँ।"

"जी मॅडम," तो म्हणाला, आणि पुढे फारसं बोलला नाही. मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी दाबून आवाज आला की लगेच सोडा, म्हणजे पेटीचा पत्ता नव्यानं ठरेल, एवढं सांगितलं. एकदाच दाबा, हेही सांगितलं असावं. मी तोवर फोन ठेवला होता.

मी रुमालाखालून मागे हात घालून टाचणी दाबली. एक बारीक आवाज आला. पान उघडलं नाही. पुन्हा दाबली, जास्त वेळ. या वेळी तीन आवाज आले. मग मी पेटीसोबत आलेलं पुस्तक काढून वाचलं. हे काम मी सगळ्यांत आधी करायला हवं होतं. तीन आवाजांपुढे लिहिलं होतं, पेटीतली प्रणाली पुन्हा बसवावी लागेल. आणि त्याखाली ठळक अक्षरांत, सूचना नीट न पाळल्यास साठवलेली माहिती नष्ट होऊ शकते.

चौदा फायली. दुसरीकडे कुठेच नाहीत. बाबांचा आवाज जगात होता तो या डब्यात, आणि त्या डब्यात मी आत्ता टाचणी खुपसली होती.

आणि मग मी ते केलं, ज्याची मला टाचणीपेक्षा जास्त लाज वाटते. मायकडे वळले आणि ओरडले.

"तू हात लावला होता का याले?"

"नाई."

"खरं सांग. पाणी सांडलं? रुमाल धुवाले काढला? काय केलं?"

"नाई केलं वो काई."

"कालपर्यंत चालून राह्यलं होतं! आपोआप मरते का? तुमच्यासारख्या अडाणी माणसायच्या घरात काई टिकतच नाई."

तुमच्यासारख्या म्हणाले मी. बाबांसकट.

माय आत गेली. तिनं तांदूळ निवडायला घेतले. ते तिनं सकाळीच निवडून ठेवले होते.

पुढचे चार दिवस सकाळी चहा झाला की ती लगेच उठून जायची. "लाव ना वो त्यायले" म्हणाली नाही. मला वाटलं, रागावली आहे. मीही बोलले नाही. शिकलेल्या माणसाला माफी मागायला जड जातं, हे मी स्वतःवरून सांगते. मी पेटीला हातही लावला नाही. आणखी काही दाबलं तर उरलंसुरलं जाईल, ही भीती होती, आणि उघडून पाहिलं नाही तोवर गेलं असं म्हणता येत नाही, हाही एक आधार होता.

पाचव्या दिवशी मामा आले, मायचे थोरले भाऊ. सुकवलेल्या झिंग्यांची पिशवी घेऊन आले होते. सकाळची वेळ. मामाही जन्मभर तलावात उभे राहिलेले. खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि खुंटीवरच्या जाळ्याकडे बघत राहिले.

"दोरी सोडली होती का वो बाई तिथीले?"

"सोडली होती ना," माय म्हणाली.

ही आमच्या घरची रीत. इतर ढिवरांत आहे का, मला माहीत नाही. फेकजाळ्याला एक हातदोरी असते. जाळं फेकलं तरी तिचं टोक मनगटाशी राहतं, तिनंच जाळं ओढून घ्यायचं. जाळं टाकणारा माणूस गेला की पितृपक्षात त्याच्या तिथीला ती दोरी जाळ्यापासून सोडून ठेवायची. दुसऱ्या दिवशी घरच्यानंच परत बांधायची. एक दिवस त्याला कुणी ओढू नये, एवढाच अर्थ.

मामा उठले, जाळं हातात घेऊन दोरीची गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. "गाठ तुहीच हाय. आपल्या बापाची गाठ. एक पीळ जास्त." मग पिशवी ठेवायला जागा शोधत फळीकडे वळले, पेटीवरचा रुमाल जरा सरकला, आणि मामा वाकून पेटीच्या मागे बघू लागले. आणि हसले.

"अन् हे काय वो? या डब्याले बी गाठ मारली तू? हे कोणतं जाळं व्हय?"

मी उठले. पेटी पुढे ओढून वळवली. पहिल्या दिवशी हे केलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

वायरीचं टोक पेटीच्या खाचेत बसवलेलं होतं. त्या टोकाला प्लॅस्टिकची एक बारीक जीभ असते. आत सरकवलं की ती 'टक्' करून अडकते. ती जीभ तुटलेली होती. आणि टोक निसटू नये म्हणून जाळं विणायच्या निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं वायरीला तीन वेढे देऊन, दोरा पेटीच्या मागच्या हवेच्या भोकांतून ओवून, त्याला गाठ मारली होती. सुंदर गाठ. एक पीळ जास्त. मी ओढून पाहिली तेव्हा वायर हलली नाही, ती या गाठीमुळे. टोक आत दाण्याएवढं तिरपं राहिलं होतं. बाहेरून घट्ट, आतून तुटलेलं.

मला वाटलं होतं, मी मायवर पुन्हा ओरडेन. मी त्या गाठीवरून बोट फिरवलं.

माय मामांकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही. "तिथीले जाळ्याची दोरी सोडली मी. मंग वाटलं, हे काय करून राह्यलो आपण? जाळ्याले सोडलं अन् इथी रोज सकाळी त्यायले बोलावतोच हाओ. माणसानं जाव कसं? मनून याचीबी दोरी काढली, एक दिवसापुरती. काढता काढता तो तुकडा तुटला. सकाळी लावली, तर राहेच ना. निसटे. मंग बांधली."

"मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तू मनली ना, तुले नाई समजत, चूप बस."

मामांनी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली, जाळ्याकडे पाहिलं, पुडी परत खिशात ठेवली.

गाठ कापायला मी कात्री आणली. माय म्हणाली, "कापू नको. गाठ कापत नसते." आणि नखानं एक पीळ मागे सारून तिनं ती दोन क्षणांत सोडली. मी नवीन वायर लावली. टक् आवाज आला. मागच्या बाजूला एक हिरवा दिवा लुकलुकायला लागला. त्या बाजूला दिवा असतो, हे मला माहीत होतं. पाच दिवस मी तो पाहिला नव्हता.

पत्ता आता बदलला असणार, म्हणून राउटरच्या यादीत पाहिलं. पेटी दिसली. आकडे टाकले. पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, स्वागत आहे, चला, सुरुवात करू या. बाबांचं नाव दिलेला फोल्डर नाही, काहीच नाही. जसं या घरात आधी कुणी राहतच नव्हतं. खाली निळं बटण होतं, प्रणाली बसवा.

मी त्या बटणाला हात लावला नाही. मदत क्रमांकावर फोन लावला. या वेळी बाई होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, टाचणी, तीन आवाज, फोन मध्येच ठेवला तेही. केबलची चूक होती हेही सांगितलं. "कॉलेजात शिकवते" हे सांगितलं नाही.

तिनं एकेक शब्द सावकाश उच्चारला. "मॅडम, घबराइए मत. डेटा डिस्क पर है, पन्ना सिर्फ दरवाज़ा है. आगे दो ऑप्शन आएँगे. जिसमें लिखा हो पुराना डेटा रखें, वही दबाना. दूसरे को देखना भी मत."

मी मायला जवळ बोलावलं. का बोलावलं, सांगता येत नाही. गेलं असतं तर तिच्यासमोर जायला हवं होतं. निळं बटण दाबलं, दोन पर्याय आले. मी जुनी माहिती ठेवायचा तेवढा दाबला. पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. मामा म्हणाले, "जाळं ओढायच्या वेळी बोलत नसते," म्हणून आम्ही तिघंही गप्प बसलो. पट्टी भरली, पेटी बंद होऊन चालू झाली, पानावर नाव विचारलं गेलं, नवा पासवर्ड विचारला गेला. मग फोल्डरांची यादी आली. तिसऱ्या ओळीवर 'बाबा'.

मी चौदावी फाइल लावली. घाईत आवाज मोठा राहिला होता, त्यामुळे रोज जे ऐकू येत नसे ते ऐकू आलं. पहिल्या हाकेनंतर माझा आवाज आहे. "बाबा, एवढ्या जोरात नका ओरडू, रेकॉर्डिंग फाटते. मी इथंच तर आहे." आणि मग बाबा, दाताआडून, "तुह्यासाठी नाई वो. तुही माय त्या काठाले हाय. तिले कसं जाईन ऐकू?"

बाबा घराच्याच पाळीवर बसले होते, आणि माय त्या दिवशी कुठल्याच काठाला नव्हती. ती जीपनं बाजाराला गेली होती, औषधं आणायला. मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं.

मग दुसरी हाक आली. वर्षभर ती रोज ऐकून मला वाटत होतं की मी सगळं जपून ठेवलंय. त्यांच्या शेवटच्या हाकेत मी मध्ये बोलले, आणि तेही जपलं गेलं.

माय उठली नव्हती. पहिल्यांदाच बसल्या बसल्या तिनं ती हाक पूर्ण ऐकली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बाजारातून आली तवा त्यायनं मले सांगितलं नाई, हाक मारली मनून. सांगितलंच नसतं. तवा तोंड दुखत होतं."

"माय," मी म्हणाले, "मी जे बोलले—"

"हो. बोलली तू," ती म्हणाली. "झिंग्याले ऊन दाखवा लागते. पिशवी आण."

माफ केलं का, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी तिला शिकवायला बसले. अक्षरं तिला येत नाहीत. आकडे फोनमुळे येतात. पेटीचा पत्ता आकड्यांचाच असतो, पासवर्डही मी आकड्यांचा ठेवला. पहिल्या दिवशी दोन आकडे उलटसुलट झाले आणि पान उघडलं नाही, तेव्हा तिनं आधी उठून पेटीच्या मागचा हिरवा दिवा पाहिला. मी सांगितलं नव्हतं. आता ती रोज हाक लावत नाही. कधी आठवड्यानं लावते. कधी खारट भाजीची फाइल लावते आणि पेटीला उत्तर देते, "खारट नोयती." यंदा तिथीला आम्ही दोघींनी मिळून जाळ्याची दोरी सोडली आणि पेटीची वायर काढली, जीभ दाबून, न तोडता. दुसऱ्या दिवशी तिनंच लावली.

फायली चौदा होत्या, चौदाही परत मिळाल्या. त्या आता पेटीत आहेत, जागा करून मायच्या फोनमध्ये ठेवल्या आहेत आणि गावी मामांच्या फोनमध्येही आहेत. पेटीचं पान माझी माय स्वतः उघडते आणि स्वतः बंद करते.